मेटी लोक : रक्त आणि ओळख



कॅनडातील मेटी लोकांविषयी आम्ही आज चार शब्द बोलणार आहोत. 'मेटी' हा शब्द फ्रेंच असून त्याचा मूळ अर्थ 'मिश्र' असा आहे. बीव्हर वगैरे प्राण्यांच्या केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी फ्रेंच आणि स्कॉटिश लोक उत्तर अमेरिकेच्या अंतर्भागात शिरले. तेथील क्री, ओजिब्वे इत्यादी जमातींतील स्त्रियांशी त्यांचे विवाह झाले आणि त्यांच्या संततीतून हा समाज उदयास आला. हे खरे आहे. पण एवढ्यावर थांबलो तर त्या समाजाचे मर्म हाती लागत नाही. मिश्र विवाह जगात कोठे झाले नाहीत? तरी प्रत्येक ठिकाणी काही नवा लोकसमाज निर्माण झाला नाही. मग येथेच तो का झाला?

आमच्या मते याचे उत्तर त्यांच्या जीवनक्रमात आहे. आज जेथे विनिपेग शहर आहे, तेथे रेड रिव्हर नदीच्या काठी त्यांची मोठी वसाहत होती. जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्या नदीपासून मागे लांबवर जात. त्यामुळे प्रत्येक घराला पाणी, शेत आणि गवत मिळे. बायसन नावाच्या रानगव्यांच्या शिकारीसाठी सारी वस्ती तांडा करून निघे. १८४० सालच्या तांड्यात १,२१० गाड्या होत्या अशी नोंद आहे. या गाड्या निव्वळ लाकडाच्या. त्यांच्या आसांची करकर दूरवर ऐकू येई. शिकारीपूर्वी पुढारी निवडावयाचे, नियम ठरवावयाचे आणि ते मोडणाऱ्यास शासन करावयाचे, असा त्यांचा परिपाठ होता. स्वराज्याचे धडे त्यांनी या तांड्यातच गिरवले.

त्यांच्या मिचिफ या भाषेची घडणही पाहण्यासारखी आहे. मराठीने फारसी-इंग्रजी नामे घेतली, पण त्यांना आपले प्रत्यय लावून आपलेसे केले. मिचिफमध्ये नामे बहुतांशी फ्रेंच, तीही आपल्या लिंगभेदासह; आणि क्रियापदे क्री, तीही आपल्या साऱ्या गुंतागुंतीच्या रूपांसह. दोन्ही भाषा उत्तम येणाऱ्यांनाच अशी भाषा घडविता येते. आज ती बोलणारे फार थोडे उरले आहेत. मण्यांचे फुलांचे भरतकाम, कमरेचा रंगीत विणलेला पट्टा आणि फिडलवरचे नृत्य हीही त्यांची लेणी होत.

आता संघर्षाकडे वळू. हा सारा मुलूख हडसन्स बे कंपनीच्या ताब्यात होता. १८६९ साली तो तीन लाख पौंडांना कॅनडाच्या हवाली करण्याचे ठरले; तेथे राहणाऱ्यांना कोणी विचारलेही नाही. सरकारी मोजणीदार चौकोनी आखणी करू लागले, तेव्हा नदीकाठच्या पट्ट्या मोडणार हे मेटींनी ओळखले. लुई रियेल या चोवीस वर्षांच्या तरुणाने सोबत्यांसह मोजणी अडविली. पुढे हंगामी सरकार स्थापन झाले, वाटाघाटी झाल्या आणि १८७० च्या कायद्याने मॅनिटोबा प्रांत जन्मास आला. त्या कायद्याने मेटींच्या मुलांसाठी १४ लाख एकर जमीन राखून ठेवली होती. परंतु वाटप वर्षानुवर्षे रेंगाळले, सट्टेवाल्यांचे फावले आणि अनेक कुटुंबे पश्चिमेकडे निघून गेली. १८८५ साली सस्कॅचेवानच्या प्रदेशात पुन्हा संघर्ष पेटला. गेब्रिएल ड्युमाँ याच्या नेतृत्वाखाली मेटी लढले, पण बातोश येथे त्यांचा पराभव झाला आणि १६ नोव्हेंबर १८८५ रोजी रियेलला फाशी देण्यात आले. त्यानंतर कित्येक कुटुंबे सरकारी रस्त्यांच्या कडेच्या पडीक जागेत झोपड्या बांधून राहिली. कित्येकांनी आपण मेटी आहोत हेच लपविले.

श्रोतेहो, ज्या नावाची एकदा लाज वाटावयास लावली, त्या नावावर आज हक्क सांगणारे वाढले आहेत. १९८२ च्या राज्यघटनेने मेटींना आदिवासी लोकांत स्थान दिले. २०२१ च्या जनगणनेत सहा लाख चोवीस हजारांवर लोकांनी स्वतःस मेटी म्हटले. म्हणून मेटी कोणास म्हणावे हा वाद आज तीव्र आहे. याच वादातून २०२१ साली मॅनिटोबाची मेटी संघटना राष्ट्रीय परिषदेतून बाहेर पडली. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन कसोट्या सांगितल्या होत्या : मनुष्य स्वतःस मेटी मानतो काय, जुन्या मेटी समाजाशी त्याचा वंशसंबंध आहे काय, आणि आजचा मेटी समाज त्यास आपला मानतो काय. केवळ मिश्र रक्त पुरेसे नाही, असेच त्याच न्यायालयाने म्हटले. २०१३ साली तर १८७० चे जमिनीचे वचन सरकारने नीट पाळले नाही, असाही निर्वाल दिला.

आम्हांस या तीन कसोट्यांतील तिसरी सर्वांत महत्त्वाची वाटते. कोणा दूरच्या पणजीचे नाव जुन्या दप्तरात सापडले म्हणून कोणी मेटी होत नाही. ज्यांच्या घरांनी तांडे पाहिले, जमिनी गमावल्या आणि नाव लपवूनही जपले, त्यांनी 'हा आमचा' म्हणावे लागते. मेटींना 'अर्धे हे, अर्धे ते' म्हणणाऱ्यांनी रक्ताचा हिशेब केला. त्यांनी मात्र एक संपूर्ण जीवन उभे केले होते. त्यांची ओळख तेथे शोधावी, एवढेच आम्हांस सांगावयाचे होते.