औषध स्वस्त कसे होते?



एड्सवरील तीन औषधांचा पाश्चात्त्य देशांतील वार्षिक खर्च दहा हजार डॉलरच्या वर असताना, २००१ साली मुंबईच्या सिप्लाने तीच औषधे ३५० डॉलरमध्ये देऊ केली. कारण १९७० च्या आपल्या कायद्याने औषधाला नव्हे, तर ते बनविण्याच्या पद्धतीलाच पेटंट दिले होते. पुढे अनेक कारखाने स्पर्धेत उतरले, मागणी एकवटली, उत्पादन वाढले आणि दर शंभर डॉलरच्याही खाली आला. २००५ पासून नव्या औषधालाही पेटंट मिळते. तेथे स्पर्धा उशिरा येते. जुन्या औषधांत स्पर्धा आहे, पण आपण छापील नावाचेच पैसे मोजतो. म्हणून डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्या, जनऔषधी केंद्रातील दर विचारा. मजुराच्या घरी वाचलेला रुपया मुलांच्या वह्यांना लागतो. जय भीम, जय भारत!