नाचणाऱ्या पायाचा जोडा

बचत गटाची बैठक आटोपून, भाकरीचं पीठ मळता मळता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या ताई, माई, आक्कांना नमस्कार.

आज आपण बुटांविषयी बोलू या. तेही नाचायच्या बुटांविषयी. आम्ही पुण्यातल्या काही जणी आठवड्यातून एकदा जमतो आणि स्विंग नावाचा नाच करतो. तुमची फुगडी अनवाणी रंगते, आमचा नाच बूट घालून होतो. ते बूट जुन्या पद्धतीचे, म्हणजे ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी बायका घालत तसे असावेत अशी आम्हाला हौस. असे बूट निवडायचे कसे, ते आज सांगतो. ऐकून तुम्ही हा नाच शिकाल न शिकाल, पण पायात काहीतरी तर सगळ्याच जणी घालतो.

आधी हा नाच कसला ते सांगतो. दोघांनी हात धरायचे, गिरकी घ्यायची, सुटायचं, पुन्हा धरायचं. फुगडीत जसा दोघींचा तोल एकमेकींच्या ओढीवर उभा असतो, तसंच इथंही. याचं संगीत तुमच्या कानांवरून गेलेलं आहे. मास्टर भगवान यांचा 1951 सालचा ‘अलबेला’ आठवा. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी त्यातल्या गाण्यांना जो उडता ठेका दिला, तो याच संगीताच्या घरातला.

हा नाच जन्मला अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरातल्या हार्लेम वस्तीत. ही काळ्या लोकांची वस्ती. तिथं 1926 साली सॅव्हॉय नावाचं मोठं नाचघर उघडलं. त्या काळात अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी काळ्या लोकांना दारातून परत पाठवत. सॅव्हॉयमध्ये मात्र काळे-गोरे एकाच फरशीवर नाचत. फरशी लाकडाची होती. इतके पाय तिच्यावर पडत की ती दर तीनेक वर्षांनी बदलावी लागे.

आता यातली आपल्या जवळची गोष्ट ऐका. हार्लेममधल्या कितीतरी बायका दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक, धुणी, साफसफाई करत. पुष्कळ जणी मालकाच्या घरीच राहत. त्यांना सुटी मिळायची ती गुरुवारी संध्याकाळी. म्हणून सॅव्हॉयमधल्या गुरुवारला नावच पडलं होतं ‘स्वयंपाकघरातल्या मेकॅनिकांची रात्र’. आठवडाभर भांडी घासणाऱ्या हातांची ती रात्र.

त्यांचे दिवस सोपे नव्हते. 1935 साली एला बेकर आणि मार्व्हल कुक या दोघींनी ‘द क्रायसिस’ मासिकात एक लेख लिहिला. ब्रॉन्क्स भागात रस्त्याच्या कोपऱ्यावर काळ्या बायका सकाळपासून उभ्या असत. कामाचे कपडे कागदी पिशवीत घेतलेले. गोऱ्या घरांतल्या बाया येत, भाव करत आणि तासावर कामाला नेत. आपल्याकडे मजूर अड्ड्यावर बायका उभ्या असतात ना, तेच चित्र. मजुरी कधी कधी तासाला पंधरा सेंट इतकी कमी असे.

अशा बाईच्या पायांचा विचार करा. दिवसभर उभं राहून, गुडघ्यांवर बसून फरशी पुसून सुजलेले पाय. त्याच पायांनी रात्री नाचायचं. तिला चालायला, कामाला, नाचायला वेगवेगळे जोड कुठून परवडणार? म्हणून त्या काळचे नाचात टिकलेले बूट नीट पाहिले तर त्यांची ठेवण हौसेइतकीच गरजेतून आलेली दिसते. टाच बुटकी आणि रुंद. पायावरून आडवा पट्टा, त्याला बक्कल. नाहीतर नाडीचे बूट. सोल चामड्याचा.

पुढे महायुद्ध आलं. सैन्यासाठी चामडं हवं म्हणून अमेरिकेत फेब्रुवारी 1943 पासून बुटांवर रेशन लागलं. माणशी वर्षाला तीन जोड, तेही कुपनावर. चामड्याऐवजी कापड, लाकूड, बुचाचं लाकूड असं काय काय वापरलं जाऊ लागलं. तेव्हाच्या बुटांचा जो थाट आज दुकानदार मिरवतात, त्यातला काही भाग टंचाईतूनच आलेला आहे.

आता खरेदीकडे येऊ. पहिला प्रश्न, खरेच जुने बूट घ्यावेत की जुन्या धर्तीवर नवे केलेले? पाहायला जुने सुंदर. पण ऐंशी वर्षांत चामडं वाळतं, शिलाई कुजते, डिंक सुटतो. दोन गिरक्यांत सोल वेगळा. म्हणून जुने बूट बघायला घ्यावेत, नाचायला नवे.

दुसरी गोष्ट सोल, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. दुकानात पहिली नजर जाते रंगावर आणि बक्कलवर. आम्ही आधी बूट उलटा करतो. रबरी सोल जमीन घट्ट धरतो. पावसात चालताना ते चांगलं. पण नाचात अंग फिरतं आणि पाय जागीच चिकटून राहतो, तेव्हा पीळ बसतो तो गुडघ्याला. असे दुखावलेले गुडघे महिनोन्‌महिने त्रास देतात. चामड्याचा सोल बेताने सरकतो, पाय अंगाबरोबर फिरतो. मात्र गुळगुळीत पॉलिशच्या फरशीवर तोच सोल फार घसरतो. म्हणून पुष्कळ नाचणाऱ्या बायका खडबडीत, मखमलीसारख्या चामड्याचा सोल पसंत करतात. दुकानदार त्याला स्वेड म्हणतात. तो धरतोही आणि सोडतोही. पण तो बूट रस्त्यावर घालायचा नाही. ओल आणि धूळ बसली की त्याची मखमल गेली. पिशवीतून न्यायचा, नाचताना घालायचा आणि मधूनमधून तारेच्या ब्रशने घासायचा.

परीक्षा सोपी आहे. दुकानातच बूट घालून उभं राहायचं. भार चवड्यावर घेऊन टाच हलकेच इकडून तिकडे फिरवायची. बूट पायाबरोबर फिरला आणि गुडघ्याला ओढ जाणवली नाही, तर ठीक.

तिसरी गोष्ट टाच. बारीक उंच टाच फोटोत छान दिसते. तासभर उड्या मारायच्या तर टाच इंचभर, फार तर दोन इंच, आणि रुंद हवी. नवशिक्या बाईने सपाटच घ्यावा.

चौथी गोष्ट पट्टा. या नाचात लाथ झाडल्यासारखी पावलं असतात. तुम्ही म्हणाल, मग आपली कोल्हापुरी काय वाईट? तिचा तळ चामड्याचाच. बरोबर आहे. पण तिला मागे पट्टा नाही. पहिल्याच झटक्याला ती समोरच्याच्या डोक्यात!

पाचवी गोष्ट, बूट वाकवून बघायचा. एका हाताने टोक धरा, दुसऱ्याने टाच, आणि दाबा. जिथं आपली बोटं वाकतात तिथंच बूट वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर आत आधाराची पट्टी नाही असं समजा. असा बूट स्वस्त असला तरी पायाच्या कमानीला महाग पडतो.

सहावी गोष्ट माप. पाय संध्याकाळी थोडा सुजलेला असतो, म्हणून माप संध्याकाळी घ्यायचं, आणि उभं राहून. दोन्ही पाय मोजायचे, कारण एक बहुधा किंचित मोठा असतो. मोठ्या पायाचं माप खरं. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, पण टाच मागे उचलली जाता कामा नये. बूट ‘सैल होईल वापरून’ असं दुकानदार म्हणाला तर ऐकून घ्यायचं आणि पुढचा नंबर मागायचा.

परदेशी बूट मोबाईलवरून मागवायचे तर नंबराचा घोळ होतो. ज्या पायाला इथं पाच नंबर लागतो, त्याला युरोपात साधारण अडतीस लागतो आणि अमेरिकेत बायकांचा सात. म्हणून नंबरावर जायचं नाही. कागदावर उभं राहून पेन्सिलीने पायाची रेघ काढायची आणि सेंटिमीटरमध्ये लांबी-रुंदी मोजायची. तालुक्याच्या बाजाराला जाणाऱ्याजवळ पावलाचा कागद देऊन चपला आणवणाऱ्या बायकांना ही युक्ती नवी नाही. वर परत पाठवण्याची अट आणि कर किती पडेल, हे पैसे भरण्याआधी वाचायचं.

आणि एवढं करूनही परवडलं नाही तर? शाळेच्या मुली काळे बक्कलवाले बूट घालतात ना, त्यांची ठेवण अगदी तीच, जुनी. आपल्या मापाचा तसा जोड घ्यायचा आणि मोचीदादाकडून खाली स्वेडचा पातळ सोल चिकटवून घ्यायचा. आमच्यातल्या काही जणी अशाच बुटांवर नाचतात. फरशीला त्याची किंमत कळत नाही.

मैत्रिणींनो, घरात पोरांचे बूट होतात, मालकांच्या चपला होतात, आणि उरलं तर आपलं. ती चप्पलही आपण घाईत, हाताला येईल ती, नाहीतर दिसायला बरी म्हणून घेतो. मग वर्षभर टाचेला भेगा आणि पोटऱ्यांना गोळे. सॅव्हॉयला जाणाऱ्या त्या मोलकरणींनी आपल्या पायांना हक्काची एक रात्र दिली होती. आपण निदान खरेदीच्या वेळी दहा मिनिटं तरी देऊ या. पुढच्या बाजाराला चप्पल घ्याल तेव्हा उन्हं कलल्यावर जा, आधी ती उलटी करून तळ बघा, वाकवून बघा, दोन्ही पायांत घालून चार पावलं चाला. आणि जमलं तर तिथंच एक गिरकीही घ्या. दुकानदार हसला तर हसू दे.

नमस्कार.