संगणक नाव विचारतो तेव्हा

आज मी ज्या लेखनाविषयी बोलणार आहे त्याला कुणी वाङ्मय म्हणत नाही. त्यावर लेखकाचे नाव नसते आणि वाचणारा नेहमीच घाईत असतो. संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने चढवताना पडद्यावर दोन-तीन प्रश्न येतात. तुमचे नाव काय? वापरकर्ता म्हणून कोणते नाव घ्याल? पासवर्ड काय ठेवाल? एवढेच. पण हे प्रश्न धड विचारले गेले नाहीत, तर माणूस स्वतःच्याच संगणकाच्या दाराबाहेर उभा राहतो. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, यंत्राचे मला फारसे कळत नाही. थोड्या शब्दांत नेमके सांगायचे म्हणजे किती घाम गाळावा लागतो, हे मात्र मला कवितेने शिकवले आहे.

या ओळी मी नीट वाचल्या त्या गावच्या वाचनालयात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती आमच्या जुन्या संगणकांत नाही. तेव्हा माझ्या भाच्याने त्यांच्यावर डेबियन चढवायचे ठरवले. डेबियन ही १९९३ साली सुरू झालेली, जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेली, मोफत मिळणारी प्रणाली. तिच्या इन्स्टॉलरमध्ये मराठीही निवडता येते. भाचा कळ दाबी आणि मी शेजारी बसून पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाची.

पहिला मोठा प्रश्न ‘रूट’चा. मराठी माणसाला रूट म्हटले की एसटीचा आठवतो. इथे रूट म्हणजे संगणकाचा कुलमुखत्यार. तो काहीही बदलू शकतो, काहीही पुसू शकतो. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांत या पडद्यावर लांबलचक मजकूर असे. पासवर्ड सहज ओळखता येणारा नको, शब्दकोशातला नको, हा अधिकार भलत्याच्या हाती गेला तर अनर्थ होईल, असे सगळे सांगून झाल्यावर अगदी शेवटी एक वाक्य येई: ही जागा रिकामी ठेवलीत तर रूटचे खाते बंद राहील आणि पहिल्या वापरकर्त्याला ‘सुडो’ ही आज्ञा वापरून तो अधिकार घेता येईल.

म्हणजे खरे तर तिथे निवड करायची होती, आणि ती निवड शेपटीला बांधलेली होती. सरकारी अर्जांनी आपल्याला लावलेली सवय अशी की रिकामा चौकोन दिसला की भरायचा. लोक तो भरतात आणि पुढे जातात. काही महिन्यांनी प्रिंटरसाठी एखादा प्रोग्राम घालायचा असतो, कुठे तरी वाचून ते सुडो लिहितात, आणि यंत्र सांगते की तुमचे नाव यादीत नाही. सुडोच्या जुन्या आवृत्त्या त्यापुढे आणखी एक वाक्य लिहीत: या घटनेची खबर दिली जाईल.

भाच्याच्या एका मित्राच्या घरच्या संगणकावर हे वाक्य आले तेव्हा मी तिथे होतो. त्याने कीबोर्डवरून हात काढला. “मामू, कुणाला खबर देणार?” तो हसत होता, पण हसू अर्धेच होते. खबर जाते ती फार तर त्याच संगणकातल्या रूटच्या टपालपेटीत, आणि घरच्या यंत्रावर ती पेटी कुणी उघडत नाही. पण हे त्या वाक्यात कुठे होते? कर्ता नसलेली, कर्मणी प्रयोगातली अशी वाक्ये आपल्याकडे नोटिसांत असतात, आणि नोटीस वाचताना सगळ्यांना सारखीच भीती वाटत नाही. सुडोच्या नव्या आवृत्तीत हे बदलले. खबर खरोखर धाडली असेल तरच आता तसे सांगितले जाते. डेबियननेही रूटचा पडदा अलीकडे नव्याने लिहिला. कोणत्या तरी एका खात्याकडे कुलअधिकार हवा, तो रूटला द्यायचा तर इथे पासवर्ड ठेवा, नाही तर जागा रिकामी सोडा म्हणजे तो पहिल्या वापरकर्त्याकडे जाईल, असा तो क्रम आहे. आधी गरज, मग दोन वाटा. मला हे चांगल्या संपादनाचे उदाहरण वाटते.

आता नावाकडे येऊ. डेबियन पूर्ण नावासाठी एकच रकाना देते, आणि त्याबद्दल मी तिला दुवा देतो. माझ्या नावात आडनाव म्हणावे असे काही नाही. वडिलांचे नाव आहे, आजोबांचेही आहे. पहिले, मधले आणि शेवटचे असे तीन रकाने मागणाऱ्या अर्जांनी माझी तीन वेगवेगळी माणसे केली आहेत. वेबचे संकेत ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्थाही सांगते की फोड करण्याची खरी गरज नसेल तर पूर्ण नावाचा एकच रकाना ठेवावा.

मग येते वापरकर्ता नाव. त्याची सुरुवात स्मॉल अक्षराने हवी, पुढे स्मॉल अक्षरे किंवा आकडे, आणि लांबी ३२ च्या आत. देवनागरीत स्मॉल-कॅपिटल हा भेदच नाही, त्यामुळे ‘लहान अक्षरे’ असे भाषांतर केले तर आमच्या निवृत्त शिक्षिका बाई समजतात की अक्षर बारीक काढायचे. इथे ‘स्मॉल’ हाच खरा मराठी शब्द. ‘प्रविष्ट करा’पेक्षा ‘लिहा’ बरे, आणि ‘परवलीचा शब्द’ कितीही गोड असला तरी लोक पासवर्डच म्हणतात. काही नावे यंत्राने स्वतःसाठी राखून ठेवलेली असतात. गंमत म्हणजे रोमन लिपीत ‘मन’ लिहायला गेलात तर नकार मिळतो. एम, ए, एन ही तीन अक्षरे तिथे मॅन्युअलच्या कामासाठी आधीच घेतलेली आहेत. कवीला मन मिळत नाही!

मॅकच्या पडद्यावर मात्र खात्याच्या नावाखाली एक ओळ असते की हेच नाव तुमच्या होम फोल्डरला दिले जाईल. पुढे काय होणार ते आधी सांगून टाकलेले. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरुवात केली तर फोल्डरला ईमेल पत्त्याची पहिली पाच अक्षरे मिळतात, आणि ते कळते सगळे उरकल्यावर. अर्धवट तुटलेले आपले नाव रोज पाहायला कुणाला आवडेल?

मूळ इंग्रजी मजकूर सुधारणे वाटते तितके सोपे नसते. डेबियनमध्ये एक वाक्य बदलले की डझनावारी भाषांतले त्याचे भाषांतर ‘संदिग्ध’ ठरते, आणि भाषांतरकाराने पुन्हा हात लावेपर्यंत तिथे इंग्रजीच दिसते. मराठीसाठी तो हात लावणारी माणसे थोडी आहेत. म्हणून तिथे स्वल्पविरामावरही वाद होतात, आणि व्हावेत.

वाचनालयात आम्ही प्रत्येक संगणकाशेजारी एक चिठ्ठी लावली. भाच्याने सांगितले, मी लिहिले. ‘आधी पूर्ण नाव लिहा, जसे तुम्ही सांगता तसे. मग खात्याचे नाव: इंग्रजी स्मॉल अक्षरे, मध्ये जागा नको. टर्मिनलमध्ये पासवर्ड लिहिताना काहीच उमटणार नाही. कीबोर्ड बिघडलेला नाही, लिहीत राहा. पासवर्ड लक्षात ठेवा.’ बाईंनी चष्मा पुसून ती वाचली आणि शेवटचे वाक्य खोडून तिथे लिहिले, ‘घरी वहीत लिहून कपाटात ठेवा.’