टीव्ही दिला, आता बाईंना सोबत द्या

(गिरड येथे परिसरातील हायस्कूलचे शिक्षक आणि आपल्या सेवाकार्याचे साहाय्यकर्ते यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज इथे दोन प्रकारची माणसे बसली आहेत. आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी वर्षानुवर्षे देणगी देणारे मंडळीचे सभासद, आणि सकाळची शाळा आटोपून आसपासच्या गावांतून आलेले सर आणि बाई. देणाऱ्यांच्या मनात असते, "आम्ही दिलेला टीव्ही वापरतात की नाही?" शिक्षकांच्या मनात असते, "वापरायचा कसा, हे कोणी दाखवले का?" हे दोन प्रश्न सहसा समोरासमोर येत नाहीत. आज येऊ द्या.

एका शाळेत मी गेलो होतो. नाव घेत नाही. स्मार्ट टीव्ही भिंतीवर होता, त्यावर कापड होते. रिमोट कपाटात, कपाटाची किल्ली लिपिकाकडे आणि लिपिक तालुक्याला गेलेले. तुम्ही हसता आहात, पण त्या शिक्षकांना आळशी म्हणू नका. यंत्र बिघडले तर जबाब आपल्याला द्यावा लागेल, ही भीती खरी असते. जे वापरून बिघडू शकते ते झाकून ठेवलेले बरे, असे कोणालाही वाटेल. म्हणून माझी पहिली विनंती देणाऱ्यांना आहे. वस्तू देताना सांगा, लेखी सांगा, की वापरताना बिघडली तर दुरुस्ती आमची.

दुसरा एक गैरसमज आहे. "हायस्कूलच्या शिक्षकांना डिजिटल जमत नाही." अहो, यूडायस कोण भरते? सरल कोण भरते? शिष्यवृत्तीचे अर्ज, दहावीच्या परीक्षेचे फॉर्म? रात्री सर्व्हर जरा हलका होतो म्हणून जागून भरणारे हेच लोक आहेत. त्यांना यंत्र येते. अडते ते एवढ्यावरच, की उद्याच्या तिसऱ्या तासाला, त्या पस्तीस-चाळीस मिनिटांत, यंत्र कोणत्या क्षणी उघडायचे आणि कोणत्या क्षणी बंद करायचे. हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेले नसते. ते दुसऱ्या शिक्षकाला शिकवताना पाहून येते.

दहावीच्या विज्ञानातील भिंगांचा धडा घ्या. बहिर्गोल भिंगासमोर वस्तू वेगवेगळ्या सहा ठिकाणी ठेवली, तर प्रतिमा कुठे आणि कशी मिळते, याचा तक्ता मुलांना पाठ करावा लागतो. फळ्यावर एक आकृती नीट काढायला पाच मिनिटे लागतात. सहा आकृत्या काढेपर्यंत घंटा होते आणि मुले तक्ता घोकतात. आता अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाने तयार केलेले 'फेट' नावाचे मोफत प्रयोग आहेत. त्यांतले अनेक मराठीतही मिळतात. भिंगाच्या प्रयोगात बोटाने वस्तू पुढेमागे सरकवायची, की प्रतिमा आपोआप बदलते. पण बाईंनी तो प्रयोग नुसता लावून दिला तर मुले दोन मिनिटे "अरे वा" म्हणतील आणि विसरतील. वस्तू नाभीजवळ येईपर्यंत सरकवायची, तिथे थांबायचे, पडदा झाकायचा आणि विचारायचे, "आता अजून पुढे नेली तर काय होईल? वहीत लिहा." मग उघडायचे. शिकणे होते ते त्या झाकलेल्या अर्ध्या मिनिटात. त्यानंतर खरे भिंग आणि मेणबत्ती हातात द्यायची. पडद्यावर पाहिले म्हणून खरे भिंग कपाटात ठेवायचे, असे करू नका.

भूगोलाचे सांगतो. आपल्या दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. जंगलाकडेच्या गोंड घरातल्या मुलीला ॲमेझॉनचे जंगल परके वाटायचे कारण नाही. जंगल म्हणजे काय हे शहरातल्या मुलापेक्षा तिला जास्त ठाऊक आहे. उपग्रहाच्या नकाशावर आधी तिचे गाव शोधा. तळे, शेत, टेकडी तिलाच ओळखू द्या. मग तिथून ब्राझीलला जा आणि जंगलात रस्त्यांच्या दोन्ही बाजूंनी पडलेली मोकळी पट्टी दाखवा. प्रश्न तीच विचारेल.

आणि इथे गिरडला बसून या टेकडीचे नाव घेतले नाही तर कसे चालेल? बाबा फरीद यांच्या दर्ग्याच्या टेकडीवरचे गोल दगड सगळ्यांनी पाहिले आहेत. दोन व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांच्या मालाचे, नारळाबिरळाचे, दगड झाले, ही गोष्ट इथली पोरे आजीकडून ऐकतात. भूशास्त्र सांगते की हे झिओलाइट खनिजाचे गोळे आहेत. लाव्हा थंड होऊन झालेल्या काळ्या खडकातल्या पोकळ्यांत पाणी झिरपते, त्यातली खनिजे साचत जातात आणि असे खडे तयार होतात. शिक्षकाच्या फोनमध्ये कॅमेरा आहे. दगडाचा जवळून फोटो काढा, टीव्हीवर मोठा करून दाखवा, आजीची गोष्टही मुलांकडून ऐका, तिची टिंगल करू नका. याला इंटरनेट लागत नाही, विकतचे ॲप लागत नाही.

नेटवर्कचे रडगाणे मी खोटे म्हणणार नाही. पण त्यावर वाट आहे. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत. ते 2017 साली सुरू झालेल्या 'दीक्षा' ॲपमधून उघडतात, आणि त्यातले साहित्य नेटवर्क असलेल्या जागी उतरवून ठेवून नंतर वर्गात इंटरनेटशिवाय दाखवता येते. फेटचे नवे प्रयोगही असेच साठवता येतात. गणितासाठी 'जिओजिब्रा' आहे, तेही एकदा टाकून घेतले की इंटरनेटविना चालते. म्हणजे आठवड्यातून एकदा तालुक्याला जाताना पुढच्या आठवड्याचे उतरवून घ्यायचे. वीज दुपारी जाते, तर डिजिटलचा तास सकाळच्या वेळापत्रकात ठेवायचा. मुख्याध्यापकांनी मनावर घेतले तर एवढे होते.

रणजितसिंह डिसले गुरुजींचे नाव तुम्ही ऐकले आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत ते शिक्षक होते. 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. सगळ्यांच्या लक्षात राहिला तो क्यूआर कोड. मला त्याआधीची पायरी मोठी वाटते. बक्षिसाच्या वेळी सांगितले गेले ते असे, की मुलांच्या घरची भाषा कन्नड होती, म्हणून गुरुजी ती भाषा शिकले आणि पुस्तक मुलांच्या भाषेत आणले. कोड त्यावर नंतर चिकटला. ती प्राथमिक शाळा होती आणि आपला प्रश्न हायस्कूलचा आहे, तिथे प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक आणि डोक्यावर बोर्डाची परीक्षा. तरी क्रम तोच लागेल. आधी मूल, मग धडा, मग यंत्र.

आपल्या वर्ध्यात तर हे जुनेच आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीम आली. त्या वेळी हातात टकळी होती. टकळी फिरवता फिरवता गणित आणि भूगोल कसा सांगायचा, यासाठी शिक्षकांना वेगळे तयार करावे लागेल, हे झाकीर हुसेन यांच्या समितीने तेव्हाच ओळखले होते. टकळ्या वाटून भागले नसते, टॅब वाटूनही भागणार नाही.

दहावीला गणित-विज्ञानात नापास झालेल्या आदिवासी मुलापुढे फार वाटा उरत नाहीत. मुलगा कामावर जातो, मुलगी कापूस वेचायला जाते, आणि बहुतेकदा लवकर लग्न होते. वसतिगृहाचा खर्च आपण करतो, वह्या देतो, चपला देतो. पण विज्ञानाच्या तासाला तिला काहीच कळत नसेल, तर ती शाळेत टिकणार कशी?

म्हणून यंदा नवीन टीव्ही घेऊ नका, असे मी देणाऱ्यांना स्पष्ट सांगतो. तो पैसा एका अनुभवी शिक्षकाच्या प्रवासाला आणि मानधनाला द्या. त्याने महिन्यातून एकदा प्रत्येक शाळेत जावे, भाषण करू नये, बाईंच्या शेजारी बसून पुढच्या महिन्याचे दोन धडे तयार करावेत आणि मागे बसून त्यातला एक तास पाहावा. शिक्षकांच्या रिचार्जचाही थोडा भार उचला, आज तो त्यांच्या खिशातून जातो. याचा फोटो चांगला येत नाही, हे मला माहीत आहे. हातात टॅब धरलेल्या हसऱ्या मुलीचा फोटो छान येतो. पण मुलींचे फोटो इकडेतिकडे न पाठवलेलेच बरे.

शिक्षकांना एकच मागणे आहे. वर्षभरात दोनच धडे निवडा, सगळे पुस्तक नको. चहा झाल्यावर विज्ञानवाले या टेबलाशी या, भूगोलवाले खिडकीपाशी बसतील. फोनमध्ये जागा नसेल तर आधी लग्नांचे व्हिडिओ काढून टाका. चार्जर माझ्याकडे दोन आहेत.