पहिली जुनी गिटार



ज्या व्यासपीठावर संतवाङ्मय, शेतीचे अर्थकारण आणि राज्यघटना अशा भारदस्त विषयांचा ऊहापोह होतो, तेथे आम्ही जुनी गिटार कशी विकत घ्यावी हा विषय घेऊन उभे राहावे, याचा आपणांपैकी काहींना अचंबा वाटला असेल. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्हांलाही संकोच वाटला. पण मग म्हटले, ज्या व्यवहारात आपण पैसे घालवले आणि पैशांहून मोलाचे काही घालवले, त्याविषयी बोलण्याचा आपला अधिकार निदान खरा आहे.

हकीकत अशी. काही वर्षांपूर्वी आमच्या तेरा वर्षांच्या पुतणीने गिटार शिकायचे मनात घेतले. आमच्या हाती वीस हजार रुपये होते. दुकानांत त्या पैशांत चकचकीत नव्या गिटारी मिळत होत्या. पण आम्हांला जुन्या वस्तूंचा सोस. जुने लाकूड वाजून वाजून पिकते, असेही कोठेतरी ऐकलेले. मुंबईत ओळखीच्यांच्या ओळखीने एका घरात एक जुनी अमेरिकन गिटार निघाली. आत कारखान्याची छापील चिठ्ठी, रंगाला सुरेख म्हातारपण आलेले, आणि तार छेडली की आवाज घरभर घुमे. अठरा हजारांत सौदा झाला. परतीच्या गाडीत ती आम्ही मांडीवर घेऊन बसलो होतो.

पंधरा दिवसांनी पुतणी म्हणाली, "काका, तारा दाबल्याच जात नाहीत. बोटं फार दुखतात." आम्ही वडिलकीच्या थाटात उत्तर दिले, "अगं, बोटांना घट्टे पडल्याशिवाय कोणतं वाद्य येतं का?" चार महिन्यांनी गिटार कपाटावर गेली. मुलीत चिकाटी नाही, असा शेरा आम्ही मारला, आणि तो तिच्या कानांवर जाईल अशा बेताने मारला.

पुढे कधीतरी एक जाणता कारागीर घरी आला. त्याने गिटारीच्या दांडीवर एक लोखंडी पट्टी ठेवली, डोळा बारीक करून पाहिले आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला: दांडीचा कोन गेला आहे, दुरुस्तीला तुम्ही दिलेल्या किमतीपेक्षा जास्त खर्च येईल, आणि ह्या वाद्यावर शिकणाऱ्या मुलाची बोटे सोलून निघतील. त्या अर्ध्या मिनिटात त्याने काय पाहिले, तेवढेच खरे म्हणजे आजचे व्याख्यान आहे.

सतारीच्या भाषेत बोलू, म्हणजे शब्द अडणार नाहीत. गिटारीलाही तबली आहे, दांडी आहे, पडदे आहेत, घोडी आहे. पोलादी सहा तारा नेहमीच्या सुरात चढवल्या की त्यांचा मिळून ताण सुमारे 70 ते 75 किलो होतो. एक धट्टाकट्टा माणूस त्या पातळ पेटीला रात्रंदिवस लोंबकळत आहे, असे समजा. पन्नास-साठ वर्षे हा ताण सोसल्यावर घोडीमागची तबली थोडी फुगते आणि दांडी पेटीला जेथे जोडलेली असते तेथे पुढे झुकते. तारा आणि पडदे यांतले अंतर वाढत जाते. यात कारखान्याचा दोष नाही. चांगल्यातल्या चांगल्या गिटारीचेही कधी ना कधी असे होतेच.

आता परीक्षा. प्रथम दांडी स्वतः सरळ आहे का, हे पाहावे. जाड तार पहिल्या आणि चौदाव्या पडद्यावर एकाच वेळी दाबली की ती तारच मोजपट्टी बनते. मधल्या पडद्यांवर तिच्याखाली कागदाएवढी फट दिसली तर ठीक. मग एक सरळ पट्टी पडद्यांवर मधोमध आडवी ठेवून घोडीकडे सरकवावी. तिचे टोक घोडीच्या माथ्याला निसटता स्पर्श करून वरून गेले, तर दांडीचा कोन शाबूत आहे. टोक घोडीच्या कडेवर, माथ्याच्या खाली आदळले, तर कोन बिघडला आहे. आमच्या गिटारीत ते चांगले तीन मिलिमीटर खाली आदळले.

यावर कोणी म्हणेल, घोडीवरची हाडाची पट्टी घासा, तारा खाली येतील. येथे थोडे त्रैराशिक करावे लागते. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तेथे तार एक मिलिमीटर खाली आणायची, तर घोडीकडे दोन मिलिमीटर घासावे लागतात. बाराव्या पडद्यावर जाड तार अडीच मिलिमीटरच्या आसपास असली की हाताला सुखाची. आमची होती सहा. म्हणजे घासायचे सात मिलिमीटर, आणि हाडाची पट्टी घोडीच्या वर दिसत होती जेमतेम दोन! पूर्वीच्या मालकांनीही हाच हिशेब सोयीने केलेला असतो. पट्टी संपली की ते घोडीच घासून पातळ करतात. म्हणून घोडीची जाडी पाहावी. ती साधारणतः आठ-नऊ मिलिमीटर असते. पापडासारखी पातळ दिसली तर रोग लपवलेला आहे असे खुशाल समजावे.

खरा उपाय एकच. सांध्यात वाफ सोडून जुना सरस मऊ करायचा, दांडी उतरवायची, तिची टाच तासून कोन सुधारायचा आणि पुन्हा बसवायची. हे नाजूक काम आहे. महाग असते आणि ते महाग असणेच रास्त आहे. कसबी गिऱ्हाईक म्हणूनच विक्रेत्याची किंमत ऐकून थांबत नाही. तीत हा खर्च मिळवतो आणि मग स्वस्त-महाग ठरवतो. अठरा हजारांची आमची गिटार आम्ही त्या दिवशी खरोखर चाळीस हजारांना घेतली होती, आणि तरीही ती वाजण्याजोगी नव्हती.

मग थोड्या पैशांत काय शोधावे? येथे अमेरिकेतल्या शिकागो शहराची थोडी गोष्ट सांगितली पाहिजे. तेथे 1892 साली विल्हेल्म शुल्ट्झ यांनी हार्मनी नावाचा कारखाना काढला. 1916 साली तो सिअर्स रोबक ह्या टपालाने माल विकणाऱ्या पेढीने घेतला, आणि यादी पाहून पत्र टाकणाऱ्या शेतकऱ्याच्या घरीही गिटार पोहोचू लागली. 1940 च्या सुमारास कारखाना पुन्हा स्वतंत्र झाला आणि 1970 च्या दशकाच्या मध्याला, जपानी मालापुढे टिकाव न लागून, बंद पडला. मधल्या काळात त्याने अफाट संख्येने गिटारी बनवल्या. कित्येकींच्या पोटात शाईचा शिक्का असतो: एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे. आरसा आणि विजेरी घेऊन पाहिले की वाद्याची जन्मतारीख सापडते.

हार्मनीची 'सॉव्हरिन' ही मोठ्या पेटीची गिटार आमच्या मते गरिबाघरची खानदानी सून आहे. तबली अखंड स्प्रूसची, पाठ आणि बाजू अखंड महोगनीच्या. आज एवढे अखंड लाकूड थोड्या पैशांत मिळत नाही. स्वस्त गिटारी पातळ थर चिकटवून केलेल्या असतात. मग ती मार्टिनच्या गिटारीइतकी महाग का नाही? एक कारण तबलीच्या पोटात आहे. मार्टिन कारखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फुलीच्या आकारात पट्ट्या बसवण्याची पद्धत रूढ केली. तीत तबली बळकटही राहते आणि मोकळेपणी थरथरतेही. हार्मनीवाले शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या पट्ट्या लावीत. काम झटपट होई. आवाज मात्र किंचित कोरडा, चटकन उठणारा आणि चटकन विरणारा. कोणास तो उणा वाटेल. आम्हांला तो आवडतो. लेड झेपेलिन ह्या इंग्रज मंडळीतला जिमी पेज ह्याच 'सॉव्हरिन'वर चाली बांधीत असे. ती प्रसिद्धी आता किमतीतही दिसते, हा भाग निराळा.

गिब्सनची एल-जी-झीरो 1958 पासून निघाली. तिच्याही पट्ट्या शिडीच्या, पण नाव मोठे. म्हणून किंमतही नावाप्रमाणे. 1960 च्या दशकात काही काळ तिला चक्क प्लास्टिकची घोडी लावीत, ती वाकते. नावावर भाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आम्हीही चिठ्ठीवरच भाळलो होतो.

अखंड लाकडाचा नियमही डोळे मिटून पाळू नये. जपानमध्ये यामाहाची एफ-जी-180 ही गिटार 1966 साली आली. तिची तबलीसुद्धा थरांची, आणि तरी तिचा आवाज गोड आहे. आमच्यासारख्या कोकणच्या पावसात राहणाऱ्यांना तर थरांचे लाकूड एका परीने सोयीचे. ते सहसा चिरत नाही.

शिसवाविषयी विचारणा हमखास होते. ब्राझीलच्या रोझवूडच्या जुन्या गिटारींना लाखांनी पैसे पडतात. ते लाकूड दुर्मिळ झाल्यावर मार्टिनने 1969 साली आपल्या दक्षिणेकडच्या जंगलांतल्या शिसवाची कास धरली. 1992 पासून तर ब्राझीलच्या ह्या लाकडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंदच आहे. लहान थैलीच्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. महोगनी किंवा साधे बर्चसुद्धा पुरे.

चिरा, खुंट्या, रंग यांची भीती मात्र लोक उगाच बाळगतात. तबलीची जुनी चीर आतून लाकडी चकत्या लावून नीट बसवलेली असेल तर वाद्य निर्धोक असते. खुंट्या बदलता येतात. पुन्हा रंगवलेली गिटार संग्राहक नाकारतात, म्हणून ती स्वस्त मिळते. वाजवणाऱ्याला त्याचे काय? उलट दोन गोष्टी गंभीर. घोडीच्या मागे कागदाचा कोपरा आत शिरला, तर घोडी सुटत आहे. आणि बोटाच्या पेराने तबलीवर जागोजाग टिचकी मारावी. कोठे खुळखुळ ऐकू आली तर आतली पट्टी निखळली आहे. हे दोन्ही बरे होते, पण त्याचे पैसे विक्रेत्याने सोडले पाहिजेत.

गिटार इंटरनेटवरून परदेशातून मागवायची असेल, तर बाजूने काढलेले छायाचित्र मागावे, ज्यात बाराव्या पडद्याजवळ मोजपट्टी धरली आहे. जो टाळाटाळ करील त्याच्याकडून घेऊ नये. टपालखर्च आणि सीमाशुल्क आधीच हिशेबात धरावे. शिवाय हवा. शिकागोच्या उबवलेल्या कोरड्या घरातून आलेले लाकूड मुंबईच्या आषाढात फुगते, आणि तेच नागपूरच्या वैशाखात चिरते. हवेतली आर्द्रता 45 ते 55 टक्के असली की लाकूड सुखी असते. पेटीत एक स्वस्त मापक ठेवावा, आणि उन्हात बंद मोटारीत गिटार कधीही ठेवू नये, सरस पाघळतो.

आमच्या त्या पहिल्या गिटारीचे काय झाले, हे सांगायचे राहिले. तिचा दोषच तिच्या कामी आला. हवाई पद्धतीत गिटार मांडीवर आडवी घेतात आणि तारा बोटांनी न दाबता त्यांवरून लोखंडी कांडी फिरवतात. तेथे तारा उंच असणेच हवे. आपल्याकडे ह्या पद्धतीचा एके काळी मोठा बोलबाला होता. व्हॅन शिप्ली सिनेमाची गाणी गिटारीवर वाजवीत, आणि ब्रिजभूषण काबरा यांनी तर तिच्यावर रागदारी आणली. शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांनी ती आमच्याकडून नेली. संध्याकाळी खिडकीतून ती ऐकू येते, तेव्हा बरे वाटते.

पुतणीला मात्र आम्ही उशिरा सांगितले की चूक तिची नव्हती. तोवर ती कॉलेजात गेली होती. थोडा वेळ गप्प राहून ती एवढेच म्हणाली, "काका, हे तेव्हा सांगायला हवं होतंत." गेल्या वर्षी तिने स्वतःच्या पहिल्या पगारातून 1960 च्या दशकातली एक साधी गिटार घेतली. पाहायला आम्हांला बरोबर नेले होते, पण पट्टी तिने आमच्या हातात दिली नाही. स्वतः ठेवली, स्वतः वाकून पाहिली, आणि दुरुस्तीचे तीन हजार किमतीतून उतरवून घेतले.

तीच गिटार तिने आज येथे आणली आहे, आणि ती पट्टीही. ज्यांना परीक्षा स्वतः करून पाहायची असेल, त्यांनी आभारप्रदर्शन झाल्यावर पुढे यावे. मुलांनी आधी हात पुसून घ्यावेत.