परतणाऱ्या यानाची छत्री

अवकाशयान झेपावते तेव्हा साऱ्या देशाचे डोळे आकाशाकडे लागतात. ते परतताना धावपट्टीवरचे शेवटचे अर्धे मिनिट मात्र कुणाच्या फारसे लक्षात राहत नाही.

२३ जून २०२४ रोजी कर्नाटकातील चित्रदुर्ग येथे इस्रोच्या ‘पुष्पक’ या पंखधारी यानाची तिसरी अवतरण चाचणी झाली. यान अवकाशात गेले नव्हते. परतीच्या अखेरच्या टप्प्याचीच ती परीक्षा होती. हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने ते साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडले. चाके जमिनीला टेकली तेव्हा वेग होता ताशी ३२० किलोमीटरहून अधिक. लढाऊ विमानसुद्धा साधारण २८० च्या वेगाने उतरते.

एवढा वेग का? वातावरणात शिरताना प्रचंड उष्णता सोसायची, म्हणून अशा यानाचे पंख आखूड असतात आणि आखूड पंखांना मंद वेगात यानाचा भार पेलवत नाही. इंजिन बंद असल्याने पुन्हा घिरटी घालण्याची सोय नाही, प्रवासी विमानासारखा उलटा झोत सोडून थांबण्याचीही नाही.

उरले चाकांचे ब्रेक. एप्रिल १९८५ मध्ये अमेरिकेचे ‘डिस्कव्हरी’ शटल केनेडी केंद्रावर आडव्या वाऱ्यात उतरले, तेव्हा ब्रेकची हानी झाली आणि एक टायर फुटला. अंतराळवीर सुखरूप राहिले, हे नशीब! पुढे मे १९९२ मध्ये ‘एन्डेव्हर’च्या शेपटीतून सुमारे १२ मीटर व्यासाची छत्री प्रथमच उघडली.

छत्रीचे बळ वेगाच्या वर्गानुसार वाढते. म्हणजे ब्रेकवर सर्वाधिक ताण येईल अशा क्षणीच ती सर्वांत समर्थ असते. मात्र एकदम पूर्ण उघडली तर तिचा हिसका जबर बसेल, म्हणून शटलची छत्री आधी काही क्षण आवळलेली ठेवत. वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास आला की ती सोडून देत. नाहीतर ढिली पडून इंजिनांच्या नळकांड्यांवर आदळण्याची भीती.

‘पुष्पक’चा वेगही छत्रीने ताशी शंभरापर्यंत खाली आणला, मगच ब्रेक लावले गेले. गतिज ऊर्जाही वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ब्रेकच्या वाट्याला मूळ ऊर्जेचा जेमतेम दहावा हिस्सा आला. या उड्डाणात मार्चमधील दुसऱ्या चाचणीचाच पंखयुक्त सांगाडा आणि उड्डाणप्रणाली, काहीही फेरबदल न करता, पुन्हा वापरली होती.