घराची दुरुस्ती आणि घरावरचे कर्ज

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



वर्धापनदिनाला पाककृती, आरोग्य किंवा मुलांचा अभ्यास असा एखादा विषय घ्यावा, अशी आपली रीत आहे. मी कर्जाचा विषय घेते म्हटल्यावर चिटणीसबाई हसल्या. "अहो, आनंदाच्या दिवशी कर्ज कशाला?" असे त्या म्हणाल्या. परंतु पावसाळा संपला की आपल्या गल्लीत कुणाची भिंत उतरलेली असते, कुणाचा स्लॅब गळत असतो, कुणाला मुलाच्या लग्नाआधी एक खोली वाढवायची असते. आणि ह्या कामांना लागणारा पैसा पुष्कळदा घरच गहाण टाकून उभा करावा लागतो.

घर झाडते बाई, सारवते बाई, गळते कुठे आणि ओल कुठे येते हे ठाऊक असते ते बाईलाच. पण त्याच घरावर कर्ज काढायची बोलणी सुरू झाली की ती चहा करायला आत जाते. बोलणी बाहेरच्या खोलीत होतात आणि मग तिला हाक येते, "इथे सही कर, इथे कर आणि ह्या पानावर कर." मला आज जे सांगायचे आहे ते थोडक्यात एवढेच आहे: चहा दुसऱ्या कुणाला करू द्या, तुम्ही कागदाजवळ बसा.

हे माझे पुस्तकी शहाणपण नव्हे. आपल्याच जिल्ह्याने ते फार मोठी किंमत देऊन शिकवले आहे.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट इथल्या साठीच्या पुढच्या बायकांना सांगायला नको. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. पहाटे चार वाजायला थोडा अवकाश असताना जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. किल्लारीचे नाव सर्वांना ठाऊक झाले, पण आपल्याकडचे सास्तूर आणि आजूबाजूची गावेही तशीच भुईसपाट झाली होती.

माणसे मारली ती घरांनी. दोन दोन, अडीच अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. माळवद गळू नये म्हणून दर वर्षी पावसाळ्यापूर्वी आपण त्यावर पांढरी माती टाकायचो. जुनी काढायची कोण? वर्षावर वर्षे थर चढत गेला आणि छपराचे ओझे वाढत गेले. पुष्कळ घरांत लाकडी खांब आणि तुळया उभ्याच राहिल्या, भिंतींचे दगड मात्र आत-बाहेर ढासळले आणि वरची माती झोपलेल्या लेकरांवर आली.

त्यानंतर सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचे मोठे काम काढले. जी गावे पार उद्ध्वस्त झाली ती नव्या जागी बांधली. जी घरे उभी होती पण तडकली होती, अशा सुमारे दोन लाख घरांची तेरा जिल्ह्यांत दुरुस्ती आणि मजबुतीकरण ठरले. बहुतेक घरांना सुमारे 17 हजार रुपयांचे साहाय्य होते. ते एकदम हातात पडत नसे. काम जसजसे होईल तसतसा पुढचा हप्ता मिळे.

आता मुद्द्याची गोष्ट. ह्या कामात गावोगावच्या महिला मंडळांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले गेले. स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था आणि तिच्या संस्थापक प्रेमा गोपालन ह्यांचा ह्यात मोठा वाटा होता. ज्या बायकांनी तोवर चावडीची पायरी चढली नव्हती, त्या घरोघर जाऊन सांगू लागल्या की माळवदावरची माती उतरवा, भिंतीत आरपार जाणारे दगड बसवा, कोपरे बांधून घ्या, खांब आणि तुळई ह्यांना तिरपा आधार द्या. कुणाचा हप्ता आला, कुणाचा अडला, इंजिनिअर कधी येणार, हे त्या विचारू लागल्या. पुढे 26 जानेवारी 2001 ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा आपल्या भागातील बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि आपले अनुभव सांगायला गेल्या.

मी तेव्हा उमरगा तालुक्यातल्या एका खेड्यात नवी सून होते. आमच्या घराला तडे गेले होते. पहिला हप्ता आला तेव्हा सासऱ्यांच्या मनात तो नणंदेच्या लग्नाला लावायचे होते. मंडळाच्या एक आजी ओसरीवर येऊन बसल्या. त्या म्हणाल्या, "दादा, लग्न पुढच्या सालीही होईल. भिंत पुढच्या सालापर्यंत थांबेल असे तिने तुम्हांला सांगितले आहे का?" सासरे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माळवदावरची माती उतरवायला माणसे आली. शेजारच्या घरी मात्र पहिला हप्ता दुसरीकडे गेला, काम दिसले नाही म्हणून दुसरा हप्ता अडला, आणि त्यांनी तडकलेल्या भिंतीखाली तीन पावसाळे काढले.

ते साहाय्य होते, कर्ज नव्हते. पण घराच्या दुरुस्तीसाठी पैसा कसा द्यावा आणि कसा घ्यावा, ह्याचा धडा त्यात आहे. पैसा कामाच्या टप्प्याने यावा, काम कुणीतरी येऊन पाहावे आणि घरातल्या बाईला सगळे ठाऊक असावे. चांगली बँक किंवा गृहकर्ज देणारी संस्था आजही हेच करते. दुरुस्तीचे अंदाजपत्रक मागते, माणूस पाठवून घर पाहते आणि रक्कम टप्प्याने देते. आपल्याला वाटते हा आपला छळ चालला आहे. वास्तविक ते आपल्या भिंतीचे रक्षण असते.

एवढे शिकूनही मी पुढे चुकले, तेही सांगते. आम्ही ह्या गावात राहायला आल्यावर स्लॅब टाकण्यासाठी 2 लाख रुपयांचे कर्ज काढले. संस्थेचे नाव घेत नाही. "दहा टक्के" असे सांगितले, आम्ही मान डोलावली. पाच वर्षे दरमहा 5 हजार रुपये भरले. पुढे मुलगा हिशेब शिकला आणि त्याने मला समजावले. ते दहा टक्के सरसकट होते, म्हणजे मुद्दल फिटत आले तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण 2 लाखांवरच चालू होते. घटत्या शिलकीवर दहा टक्के असते तर हप्ता सुमारे 4,250 रुपये बसला असता. आमचा दहा टक्क्यांचा दर प्रत्यक्षात सतरा टक्क्यांच्या वर गेला होता! सगळे फेडल्यावर घराचे मूळ कागद मिळवायला चौदा महिने खेटे घातले. कागद मिळाले, पण उताऱ्यावरचा बोजा उतरला नव्हता, हे मुलगा कर्ज काढायला गेला तेव्हा कळले. दोष त्यांचा होताच. पण सही करताना मी चहाच्या कपबशा आवरत होते, हा दोष माझा.

दुसऱ्या वेळी वेगळा अनुभव आला. मुलाच्या कर्जासाठी आलेले साहेब ओट्यावर बसले आणि म्हणाले, "काकू, तुम्ही इकडे या. गळते कुठे ते तुम्ही दाखवा." सगळे घर पाहून त्यांनी सांगितले की पाच लाखांची गरज नाही, गच्चीचे आणि मागच्या भिंतीचे काम तीन लाखांत होईल, उगाच जास्त घेऊ नका. जो कर्ज देणारा कमी घ्या म्हणतो, तो आपला माणूस समजावा. ह्याहून मोठी ग्राहकसेवा मला ठाऊक नाही.

तेर आपल्या जिल्ह्यातले. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी थापटून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे ते पाहिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कर्ज देणाराही असाच थापटून पाहावा. बोलणे गोड आहे म्हणून मडके पक्के असते असे नाही. विचारायचे प्रश्न सांगते, लिहून घ्या.

पहिला प्रश्न, व्याज सरसकट की घटत्या शिलकीवर? दुसरा, एकूण किती रुपये परत जाणार? 2 लाख रुपये घटत्या शिलकीवर दहा टक्क्यांनी पाच वर्षांत फेडले तर व्याज सुमारे 55 हजार होते. हप्ता लहान वाटतो म्हणून दहा वर्षे घेतली तर तेच व्याज 1 लाख 17 हजारांच्या घरात जाते. तिसरा, व्याजाखेरीज प्रक्रिया शुल्क, विमा, वकील ह्यांचे किती कापणार? चौथा, माझी सही कशासाठी? सहकर्जदार म्हणून की जामीनदार म्हणून? 1872 च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी सामान्यतः कर्जदाराइतकीच असते. "नुसती साक्षीपुरती सही आहे" असे कुणी म्हणाले तर कागदावर काय लिहिले आहे ते वाचल्याखेरीज पेन हातात धरू नका.

हे विचारण्याचा आपल्याला हक्कही आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 1 ऑक्टोबर 2024 पासून बँकांनी आणि गृहकर्ज कंपन्यांनी घरगुती कर्जदाराला कर्जाची मुख्य माहिती देणारे विवरणपत्र, त्याला समजेल अशा भाषेत द्यायचे आहे. त्यात सर्व खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. ते घरी आणून वाचायला निदान तीन कामाचे दिवस मिळतात. तसेच 1 डिसेंबर 2023 पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत करणे आणि बोजा उतरवणे बंधनकारक आहे. त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5 हजार रुपये भरपाई द्यावी लागते. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, त्या सहकार खात्याखाली येतात. तेव्हा तिथे हे सर्व स्वतः मागून, लिहून घ्यावे.

आणि शेकडा पाच रुपयांनी देणाऱ्याकडे तर जाऊच नये. 50 हजारांवर महिन्याला अडीच हजार, म्हणजे वर्षाला 30 हजार नुसते व्याज. मुद्दल जिथल्या तिथे. परवाना नसताना सावकारी करणे हा 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या.

खेड्यातल्या भगिनींसाठी एक गोष्ट. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, म्हणून पूर्वी अशा घरावर कर्ज मिळणे अवघड जाई. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. तुमच्या गावी ती आली असेल तर आधी नावे वाचा. तुमचे नाव त्यात नसेल तर कर्जाच्या आधी तो विषय घरात काढा. ज्या घराला आपण हात लावतो त्याच्या कागदावरही आपले नाव असावे, ह्यात भांडणाचे काय आहे?

हप्ता थकला तर तोंड लपवू नका. नव्वद दिवस थकल्यावर खाते बुडीत जाण्याच्या वाटेवर धरले जाते आणि मग नोटिसांचा मार्ग सुरू होतो. पहिल्याच महिन्यात जाऊन अडचण सांगितली तर मुदत वाढवण्याचे बोलता येते. चांगल्या संस्थेची खरी परीक्षा कर्ज देताना होत नाही, ती अशा वेळी होते.

शेवटी मंडळाकडे एक मागणे. भूकंपानंतर ज्या आजी आमच्या ओसरीवर येऊन बसल्या, त्या आज नाहीत. त्या कोणत्याही बँकेच्या नोकरीत नव्हत्या. त्या आल्या नसत्या तर आमची भिंत राहिली असती की नाही, सांगता येत नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी आपल्या मंडळाच्या खोलीत कुणीही बाईने कर्जाचे कागद घेऊन यावे आणि आपण दोघी-तिघींनी ते तिच्याबरोबर मोठ्याने वाचावेत, असे मी सुचवते. सल्ला देऊ नये, निर्णय तिच्या घरचा. फक्त एकही ओळ न वाचता सही होऊ नये. माझा चष्मा आणि माझा शनिवार मी आजच मंडळाकडे जमा करते. आणखी कोण येते, ते सभा संपल्यावर चिटणीसबाईंकडे नाव लिहून सांगावे.